भाचा विचारतो, ‘बाबाले कोणता साप चावला होता?’ काय सांगू?

वणीची आत्या

नमस्कार. एरवी मी इथं फक्त वाचते, तेही शेतीचा आणि स्वयंपाकाचा विभाग. आज लिहिते आहे, कारण हे घरात कोणाला विचारता येत नाही.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी गेला. केळापूर तालुक्यात आमचं गाव. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. सोसायटीचं कर्ज थकलेलं, त्यावर खाजगी. त्यानं आत्महत्या केली. इथं मी हा शब्द लिहिला, पण घरात तो कोणी तोंडातून काढत नाही.

त्याचा मुलगा तेव्हा दुसरीत होता. त्या दिवशी तो आजोळी होता. त्याला आणायच्या आधीच मोठ्या काकांनी ठरवलं, पोराला सांगायचं की बाबाला वावरात साप चावला. पावसाळ्याचे दिवस, आमच्या भागात दरवर्षी कोणाला ना कोणाला चावतोच. तेरवीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच बसलं.

आता तो तिसरीत आहे. रात्री झोपायच्या आधी बॅटरी घेऊन गादी, उशी, कपाटाच्या मागं, सगळं बघतो. अंगणात एकटा जात नाही. वहिनी निंदणाला निघाली की तिच्या पदराला धरून रडतो, तू नको जाऊ म्हणतो. शेत दिसलं तरी लांबून वळतो. आम्ही म्हणायचो, होईल कमी.

मागच्या महिन्यात शाळेत सर्पमित्र आले होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं असे चार साप त्यांनी चित्रात दाखवले. चारही सापांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं, मांत्रिकाकडं न जाता वेळेत दवाखाना गाठला तर माणूस वाचतो, असं सांगितलं. चांगलंच सांगितलं त्यांनी. पोरगा घरी आला, दप्तरही खाली ठेवलं नाही, आणि मला विचारलं, “आत्या, बाबाले कोणता साप चावला होता वं? चारातला होता का?” मी म्हटलं, अंधार होता, दिसला नाही. तर म्हणतो, “मंग दवाखान्यात काऊन नाही नेलं?”

त्याच्या आजीला पण विचारलं. आजी म्हणाली गाडी मिळाली नाही. काका म्हणाले नेलं होतं, उशीर झाला. आता त्याच्याकडं तीन उत्तरं आहेत आणि तो ती एकापुढं एक ठेवून बघतो आहे. लहान आहे, पण हिशोबाला पक्का, बापावर गेला आहे.

गावात कोणाला माहीत नाही? पोलीस आले, तलाठी आले, पेपरात चार ओळी आल्या. त्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आयांना ठाऊक आहे. शिवाय बाल संगोपन योजनेचा अर्ज केला आहे, महिन्याला २,२५० रुपये मिळतील. त्यासाठी त्याला यवतमाळला बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागणार. फाइलीवर वडिलांच्या मृत्यूचं कारण लिहिलेलं आहे. तिथं कोणी बोलून गेलं तर?

वहिनी म्हणते, मोठा झाला की सांगू. तिची भीती वेगळी आहे. तो विचारेल, “तू काऊन नाही अडवलं?” त्याचं उत्तर तिच्याकडं नाही. माझ्याकडं पण नाही.

सांगावं का? कोणी? किती? ज्यांच्या घरात असं झालं आहे त्यांनी लिहिलं तर बरं. बाकीच्यांनीही लिहा, पण कर्जमाफीवर चर्चा नको, ती दुसऱ्या धाग्यावर चालू आहे.

निवांत पुणेकर

ताई, वाचून वाईट वाटलं. पण आठ वर्षांच्या मुलाला ‘आत्महत्या’ म्हणजे काय हे समजावत बसू नका. बालपण एकदाच मिळतं. खेळू द्या त्याला. साप नको तर अटॅक सांगा, विषय संपवा. मोठेपणी कळेल तेव्हा तो समजून घेईल की माझ्या भल्यासाठी लपवलं होतं.

माकणीकाठ

निवांत, चौथं उत्तर दिल्यावर तो पोरगा काय करेल सांगा बरं? पाचवं मागेल.

आत्या, मी शेतकरी आत्महत्येच्या घरातला नाही. पण खोटं ऐकून वाढलेला आहे, तेवढ्यावर लिहितो.

मी सास्तूर भागातला, लोहारा तालुका. ३० सप्टेंबर १९९३ ला सहा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवले होते. मी हट्ट करून मावशीकडं तुळजापूरला गेलेलो, म्हणून आज लिहितोय. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आमच्याकडची घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात इतकी गार की पंख्याची गरज नाही. त्या पहाटे तेच सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. आय आणि धाकटी बहीण गेल्या. बाबा राखणीला शेतात होते, वाचले.

मला सांगितलं, आय सोलापूरला दवाखान्यात आहे. बहीण तिच्याजवळ आहे.

हे पटण्यासारखंच होतं, कारण खरंच कितीतरी जखमी माणसं सोलापूरच्या दवाखान्यात होती. मावशीनं ते मुद्दाम रचलं नसावं, त्या गडबडीत कोणीतरी बोललं आणि तेच पुढं चालू राहिलं. मग दिवाळी आली. आय आली नाही, पण “आईनं पाठवलाय” म्हणून मला सदरा आला. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. फाट्यावर सोलापूरची एसटी थांबली की मी उतरणाऱ्या बायका बघत बसायचो. बाबा तिथून मला उचलून न्यायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांना बोलायचं होतं, हे मला आता कळतं. मावशीनं त्यांच्याकडून शब्द घेतला होता.

कळलं कसं? शेडमधल्या शाळेत. कसल्या तरी मदतीसाठी माहिती भरून घेत होते. मास्तर एकेकाचं नाव घेऊन मोठ्यानं वाचून खात्री करत होते. माझं नाव, बाबांचं नाव, पुढं आईचं नाव आणि ‘मयत’. शब्द मला माहीत नव्हता. शेजारच्या पोरानं सांगितला. त्याची पण आय मयत होती, त्यामुळं त्याला तो पाठ होता.

म्हणून तुमची ती समितीपुढची भीती मला बरोबर वाटते. कागद पोराचं वय बघत नाही.

आता मुद्दा. ते कळल्यावर मी आईसाठी रडलोच नाही. बरीच वर्षं नाही. मला राग होता तो सगळ्यांना माहीत होतं याचा. मावशी, आजी, चुलते, मास्तर, शेजारचं पोरगं. मीच एकटा येडा एसटी बघत बसलेलो. त्यानंतर मावशी म्हणाली की आमटी तिखट नाही, तरी मी आधी बाबांना चाखायला लावायचो. हसू नका, दहावीपर्यंत माझं हे चालू होतं. मावशीचा जीव होता माझ्यावर. तिची सख्खी बहीण गेलेली आणि मी तिच्या मांडीवर. मी तिच्या जागी असतो तर दुसरं काय केलं असतं सांगता येत नाही. पण झालं ते असं झालं.

आमच्या भागातली बाराशेच्या आसपास मुलं शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं शिकायला पुण्याला नेली होती. माझा एक चुलतभाऊ त्यात होता. तो सांगतो, पहिल्या रात्रीपासून पोरं एकमेकांना सरळ विचारायची, तुझं कोण गेलं? ज्यानं त्यानं सांगायचं, आणि झोपायचं. त्याचे आई-बाप दोघं गेले होते, माझी तर आय एकटी. तरी आमच्या दोघांत एसटी बघत बसणारा मीच निघालो.

तुमच्या भाच्याची बॅटरी वाचून मला माझा फाटा आठवला. त्याला बापाच्या जाण्याचं दुःख करायला तुम्ही जागाच ठेवली नाही, सगळी जागा सापानं घेतली. सांगा त्याला. घरच्या माणसानं सांगा, यवतमाळच्या आधी सांगा.

हिंगणघाटची

माकणीकाठ दादा, तुमचं लिहिणं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण एक फरक आहे. भूकंपात मेलेल्या माणसाचा दोष कोणी शोधत नाही. आमच्याकडं मरण झालं की गाव दोषी शोधतं, आणि तो बहुतेक घरातच सापडतो.

माझे यजमान गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. सरकारच्या २००६ च्या निर्णयाप्रमाणे शेतकरी आत्महत्या झालेल्या घराला एक लाखाची मदत असते, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन घरातल्या कोणाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानावाल्या सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. हे कागदावरचं झालं. तोंडी विचारतात ते वेगळं. दारू पीत होते का. घरात भांडण होतं का. तुम्ही माहेरी गेला होता का. हे सगळं ओसरीत, चार माणसांत, आणि पोरगी माझ्या मांडीवर. ती लहान होती म्हणून बरं झालं.

मी पण तिला अटॅक सांगितला. दहा वर्षं टिकला. मग वारस नोंदीवरून सासूचं नि माझं वाजलं आणि सासू तिला म्हणाली, तुझ्या आईच्या कटकटीनं गेला माझा पोरगा. पोरीला एका वाक्यात दोन गोष्टी कळल्या. बाप कसा गेला ती, आणि आईनं मारला ही. पहिली खरी होती, म्हणून तिला दुसरी पण खरी वाटली. आमचं बोलणं सुधारायला फार काळ गेला. आज ती नागपूरला नर्सिंग करते, रोज फोन करते. पण ती मधली वर्षं गेली ती गेलीच.

तर वणीच्या आत्या, सांगू नका असं मी म्हणत नाही. पोराच्या आधी घरातली मोठी माणसं बसवा. आजी काय सांगणार, काका काय सांगणार, ते एक करा. आजीचा मुलगा गेला आहे, तिच्या पोटात काय आहे ते आधी काढून घ्या. तिनं वहिनीकडं बोट दाखवलं तर तुम्ही सांगितलेलं खरं वाया जाईल. पोराला सत्य कळणारच आहे, कोणाच्या तोंडचं कळेल एवढंच तुमच्या हातात आहे.

आणि वहिनीला घाई करू नका हो. तिचं पण माणूस गेलं आहे.

निवांत पुणेकर

दोघांचं वाचलं. मी घाईत लिहिलं होतं असं म्हणणार नाही, लहान मुलांना सगळं सांगायच्या फॅशनला माझा विरोध आहेच. पण अटॅकचा सल्ला मागं घेतो. आजीबद्दलचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

समुपदेशक_४४

मी एका जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात काम करते. अशा घरांतली मुलं येतात. बहुतेक वेळा तक्रार पोटदुखी किंवा अंथरूण ओलं करण्याची असते आणि मूळ प्रश्न तिसऱ्या भेटीत निघतो. तुमचा भाचा स्पष्ट प्रश्न विचारतो आहे, हे त्याच्या चांगल्या तब्येतीचं लक्षण समजा.

सात-आठ वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांना मरण म्हणजे परत न येणं हे कळायला लागतं. त्याला ते कळलेलं दिसतं. तो आता कारण जुळवतो आहे. मोठ्यांची उत्तरं जुळली नाहीत की मुलं स्वतःचं कारण तयार करतात, आणि त्या कारणात फार वेळा ती स्वतः असतात. ‘मी आजोळी गेलो म्हणून’, ‘मी सायकल मागितली म्हणून’. एका मुलीनं मला सांगितलं होतं की तिनं शाळेची फी मागितली म्हणून बाबा गेले. घरात कोणालाही याचा पत्ता नव्हता. तेव्हा तो विचारो न विचारो, “तुझ्या कशामुळंही झालं नाही” हे वाक्य त्याच दिवशी म्हणायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

एक गोष्ट मात्र टाळा. “कर्ज झालं म्हणून बाबा गेले” असं सांगू नका. लोकांना वाटतं हे सोपं आणि खरं. पण तुमच्या घरी बँकेची नोटीस अजूनही येत असेल. प्रत्येक नोटिशीला त्या पोराला वाटेल, आता आई. आज तो वहिनीचा पदर धरतो तो सापाच्या भीतीनं, उद्या तो पोस्टमनला घाबरेल. कर्ज खूप जणांना असतं आणि त्यातले बहुतेक जगतात, हेही त्याला दिसतंच आहे, मग माझेच बाबा का, हा प्रश्न उरतो. मी घरच्यांना असं सुचवते: “बाबांना खूप काळज्या होत्या. काळजी करून करून त्यांचं मन आजारी पडलं होतं. आजारी मनाला वाट दिसत नाही. त्यांनी स्वतःच स्वतःचा जीव घेतला. त्यांना तेव्हा मदत मिळाली असती तर ते बरे होऊ शकले असते. आम्हाला तो आजार ओळखता आला नाही.” यातलं शेवटचं वाक्य वहिनीसाठी आहे. “तू काऊन नाही अडवलं” याचं खरं उत्तर तेच आहे.

कसं केलं, कुठं केलं, हे सांगायची गरज नाही. विचारलं तर “तू थोडा मोठा झालास की सांगेन” म्हणायला हरकत नाही, कारण ते खोटं नाही. फक्त मग ते लक्षात ठेवायचं. आणि “बाबा तुझ्यासाठी गेले” किंवा “बाबा आता सुखात आहेत” ही वाक्यं अजिबात नकोत. पहिल्यानं ओझं होतं, दुसऱ्यानं मरण ही चांगली सोय वाटायला लागते.

सापाचं खोटं होतं हे पण सरळ सांगा. त्याला राग येईल, येऊ द्या. “तेव्हा आम्हाला सांगता आलं नाही, आता सांगतो आहोत” पुरे. सापाची भीती त्यानंतर लगेच जाईल असं समजू नका, ती अंगात मुरली आहे. बॅटरी काढून घेऊ नका, तो स्वतः सोडेल.

यवतमाळच्या बाबतीत: समितीपुढं जायच्या आधी तिथल्या सदस्यांना किंवा अर्ज घेणाऱ्या ताईंना गाठून सांगा की मृत्यूच्या कारणाबद्दल मुलासमोर बोलू नका, आमच्याशी वेगळं बोला. हे मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. वर्गशिक्षकांनाही कानावर घाला, म्हणजे कोणी चिडवलं तर त्यांना काय चाललं आहे ते कळेल.

तुम्हाला किंवा वहिनींना बोलावंसं वाटलं तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, कोणत्याही वेळी, फुकट, मराठीत बोलता येतं. वहिनींबद्दल मला जास्त काळजी आहे. झोप, जेवण कसं आहे तिचं?

वणीची आत्या

सगळ्यांचे आभार. पाच दिवस उत्तर दिलं नाही, कारण हे घरी वाचून दाखवत होते. मोबाईलवरून, वहिनीला आणि नंतर आईला.

हिंगणघाटच्या ताई, तुमचं खरं निघालं. आई पहिल्या झटक्यात म्हणाली, “सांगा ना, हिच्या माहेरच्यायनं मदत नाही केली ते पण सांगा.” वहिनी उठून गेली. मी आईशी भांडले नाही. तिला तुमच्या मुलीची गोष्ट परत वाचून दाखवली, सासूवाली. आई बराच वेळ तूर निवडत बसली. मग म्हणाली, “मी त्याच्यासमोर काही बोलणार नाही.” यापेक्षा जास्त तिच्याकडून निघेल असं वाटत नाही, आणि एवढं मला चालेल.

काका तयार नाहीत. म्हणाले, पोराला बापाची लाज वाटेल. त्यांना मी विचारलं, साप चावलेल्या बापाला दवाखान्यात न नेणाऱ्या काकाबद्दल त्याला काय वाटत असेल? ते गप्प झाले. रागावले आहेत, पण आडवे येणार नाहीत.

वहिनी म्हणाली, मी सांगीन, तू शेजारी बस. ते “मन आजारी पडलं” वालं वाक्य तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. “आम्हाला ओळखता आलं नाही” इथं तिचा आवाज जातो. झोप नाही तिला, समुपदेशक ताई, तुम्ही बरोबर विचारलंत. तो नंबर तिच्या मोबाईलमध्ये टाकून दिला आहे, लावला की नाही विचारलं नाही.

आता एक विचारायचं, वरती लिहिलं नव्हतं. भाची पण आहे, चार वर्षांची. तिलाही सापच माहीत आहे. दोघांना एकत्र बसवायचं की त्याला एकट्याला? आणि शाळेच्या दिवशी सांगायचं की सुट्टीच्या?

समुपदेशक_४४

त्याला आधी, एकट्याला. तिला नंतर, एका वाक्यात: बाबा मेले, साप नव्हता, बाबांचं मन खूप आजारी होतं. चार वर्षांचं मूल तेवढ्यावर खेळायला जाईल आणि दुसऱ्या दिवशी विचारेल की बाबा कधी येणार. चिडू नका, तेच उत्तर द्या. या वयात परत न येणं पचत नाही.

दोन दिवस सुट्टीचे असतील असा शनिवार सकाळचा घ्या. रात्री झोपायच्या वेळी नको, आणि सणाच्या आदल्या दिवशी नको. सांगून झालं की त्याला शांत बसवून ठेवू नका, त्याला बाहेर जावंसं वाटलं तर जाऊ द्या.

आणि एक. “दादा आहेस, बहिणीला सांगू नको” असं त्याला म्हणू नका.

माकणीकाठ

सुट्टीबद्दल माझं वेगळं मत आहे. दोन दिवस घरात सगळ्यांचे चेहरे बघत बसण्यापेक्षा सोमवारी शाळेत मित्रांत जाता यायला हवं, म्हणून रविवार सकाळ बरी. पण ताईंचा अनुभव जास्त आहे.

आत्या, बापाचा हिशोबीपणा आलाय म्हणालात ना. बापाची शेतीच्या खर्चाची वही वगैरे असेल तर जपून ठेवा. आमच्याकडं तर घरातलं भांडं पण हाती लागलं नाही.

हिंगणघाटची

वही ठेवा, पण आधी वाचून बघा तिच्यात काय काय लिहिलं आहे. वहिनीनं बघावी, तुम्ही नको.